बॅटरी की पेट्रोल? आधी वही-पेन्सिल काढा!

मित्रमैत्रिणींनो, मृगाच्या दोन-चार सरी पडल्या की गवत किती झपाट्याने वाढतं, ते तुम्ही पाहिलं असेलच. बांधावर गवत, शाळेच्या मैदानावर गवत, अंगणाच्या कडेला गवत! मग कुठून तरी ‘घर्रर्रर्र’ असा आवाज येऊ लागतो. तिकडे डाळिंबाच्या नाहीतर कांद्याच्या शेतात कुणीतरी पाठीवर पंप घेऊन फवारणी करत असतं. पूर्वी या पंपाचा एका हाताने दांडा मारावा लागे. ‘खटक-खटक’ आवाज यायचा आणि संध्याकाळी खांदा भरून यायचा. आता संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, शेवगाव, कुठल्याही बाजारपेठेतल्या शेती अवजारांच्या दुकानात जा. बॅटरीचे आणि पेट्रोलचे पंप, गवत कापायची मशीनं ओळीने मांडलेली दिसतात.

आणि मग घरात वाद सुरू होतो. शेजारचे काका म्हणतात, “बॅटरीत काय दम आहे? पेट्रोलचंच घ्या.” दुकानदार म्हणतो, “बॅटरीला खर्चच नाही हो, घेऊन टाका!” आजोबा म्हणतात, “आमचा विळा काय वाईट होता?”

गंमत म्हणजे तिघांच्याही बोलण्यात थोडंथोडं खरं आहे. पण पूर्ण खरं शोधायचं तर ते तुम्हीच शोधू शकता, कारण त्याला लागतो फक्त सातवीपर्यंतचा गुणाकार-भागाकार. चला तर मग, वही-पेन्सिल काढा!

लूनाच्या गावची गोष्ट

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचं, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचं, लहान इंजिनांशी जुनं नातं आहे. १९७२ मध्ये ‘लूना’ नावाची छोटी मोपेड बाजारात आली. ती बनवणाऱ्या कायनेटिक कंपनीचा कारखाना नगर-दौंड रस्त्यावर. लूनाला होतं ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. तुमच्या आई-बाबांना विचारा, त्या गाडीचा आवाज आणि धुराचा तो वास त्यांना अजून आठवत असेल.

टू-स्ट्रोक म्हणजे काय? इंजिनातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, एकदा वर जातो आणि एकदा खाली येतो, तेवढ्यात एक स्फोट पूर्ण होतो. फोर-स्ट्रोकमध्ये एका स्फोटासाठी त्याला दोनदा वर-खाली करावं लागतं. म्हणून टू-स्ट्रोक इंजिन लहान, हलकं आणि तरीही जोरदार. पाठीवर किंवा खांद्यावर घ्यायच्या यंत्रांना ते अगदी सोयीचं!

पण त्याची एक खोडही आहे. त्याच्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, आणि ते ऑइल पेट्रोलबरोबर जळतं. शिवाय ताजं मिश्रण आत येताना त्यातलं थोडं न जळताच धुरासोबत बाहेर निसटतं. तोच तो निळसर धूर आणि उग्र वास. रस्त्यावरच्या नव्या गाड्यांमधून टू-स्ट्रोक इंजिनं हद्दपार झाली. पण फवारणीचे अनेक पंप आणि गवत कापायची अनेक यंत्रं अजून त्यावरच चालतात.

लूनाचं पुढे काय झालं? फेब्रुवारी २०२४ मध्ये ती परत आली, पण पोटात इंजिन नाही, बॅटरी आणि मोटर घेऊन. नाव ‘ई-लूना’. तेव्हा तुम्ही म्हणाल, “मग झालं की! सगळीच यंत्रं बॅटरीवर घ्यावीत.” थांबा, इतकं सोपं नाही बरं का!

लिटरभर पेट्रोलात किती ताकद?

वीज आपण ‘युनिट’मध्ये मोजतो. हजार वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. एक लिटर पेट्रोलमध्ये किती ऊर्जा असते, सांगा पाहू? जवळजवळ ९ युनिट, म्हणजे ९,००० वॉट-तास! आणि त्या लिटरचं वजन पाऊण किलोच्या आसपास.

आता फवारणीच्या पंपातली बॅटरी घ्या. तिच्यावर लिहिलेलं असतं: १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास. हे दोन आकडे गुणले की वॉट-तास मिळतात.

१२ × ८ = ९६ वॉट-तास.

कुठे ९,००० आणि कुठे ९६! आणि ही शिशाची बॅटरी असेल तर वजन दोन-अडीच किलो. लिथियमची बॅटरी तेवढ्याच ऊर्जेला बरीच हलकी असते. ती १९९१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आली. ज्या तीन शास्त्रज्ञांच्या कामातून ती साकार झाली, त्यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते! तरीसुद्धा वजनाच्या शर्यतीत लिथियम पेट्रोलच्या खूप मागे आहे.

पेट्रोलच्या बाजूने अजून टाळ्या वाजवू नका मात्र. लहान इंजिनात पेट्रोलच्या ऊर्जेचे पाच भाग केले, तर जेमतेम एक भाग कामाला येतो. उरलेले चार भाग उष्णता होऊन हवेत जातात. म्हणून तर इंजिनाला हात लावला की चटका बसतो. मोटरचं तसं नसतं. बॅटरीतून घेतलेल्या विजेचा बराच मोठा भाग ती कामाला लावते.

म्हणजे पेट्रोल श्रीमंत पण उधळं. बॅटरी गरीब पण काटकसरी!

यंत्राची भूक किती?

आता खरी मेख इथे आहे. यंत्र कुठलं घ्यायचं हे ठरवताना पहिला प्रश्न विचारायचा तो असा: या कामाला ताकद किती लागते?

बॅटरीच्या फवारणी पंपाची छोटी मोटर साधारण ३० वॉट खाते असं धरा. एखाद्या मोठ्या एलईडी दिव्याइतकी. मग ९६ वॉट-तासांची बॅटरी किती चालेल?

९६ ÷ ३० = ३.२ तास, म्हणजे १९२ मिनिटं.

आता तीच बॅटरी गवत कापायच्या यंत्राला जोडली असं समजा. दाट, ओलं गवत कापायला ५०० वॉट तरी हवेत. घरातला मिक्सर खातो तितके.

९६ ÷ ५०० = ०.१९ तास. म्हणजे साडेअकरा मिनिटं!

बघा, बॅटरी तीच. एका कामात तीन तास पुरते आणि दुसऱ्या कामात चहा उकळेपर्यंत संपते. म्हणूनच फवारणीत बॅटरीचा पंप घरोघरी पोचला आणि गवताच्या यंत्रात मात्र पेट्रोल अजून ठाण मांडून बसलं आहे. काकांचं म्हणणं गवताबाबत बरंचसं बरोबर, फवारणीबाबत नाही.

फवारणीचा हिशेब

समजा तुमची एक एकर कांदा आहे आणि फवारणीला २०० लिटर पाणी लागतं. पाठीवरच्या पंपाची टाकी १६ लिटरची.

२०० ÷ १६ = १२.५, म्हणजे १३ टाक्या.

एक टाकी रिकामी व्हायला १० मिनिटं धरली तर १३० मिनिटं. आपली बॅटरी चालते १९२ मिनिटं. एक एकर आरामात! दोन एकर असेल तर २६० मिनिटं लागतील. मग ८ ची बॅटरी नापास. १२ अँपिअर-तासांची घेतली तर १४४ ÷ ३० = ४.८ तास, म्हणजे २८८ मिनिटं. काठावर पास! पण बॅटरी जुनी झाली की ती कागदावरच्यापेक्षा कमी चालते, तेव्हा थोडी शिल्लक धरूनच हिशेब करा.

आता खर्च. बॅटरी एकदा भरायला, चार्जरमधली गळती धरून, ०.१५ युनिट लागलं आणि युनिटचा दर ८ रुपये धरला, तर खर्च १ रुपया २० पैसे. पेट्रोलचा पंप जोराने फवारतो, वेळ कमी घेतो. त्याला एकरी अर्धा लिटर लागलं आणि लिटरला १०४ रुपये धरले तर ५२ रुपये. वर्षात १६ फवारण्या झाल्या तर:

पेट्रोल: १६ × ५२ = ८३२ रुपये.
वीज: १६ × १.२० = १९ रुपये २० पैसे.

“मग दुकानदार खरंच बोलत होता!” असं म्हणाल. अजून एक ओळ राहिली. बॅटरी कायमची नसते. समजा दोन वर्षांनी ती बदलावी लागली आणि नवी १,००० रुपयांना आली. म्हणजे वर्षाला ५०० रुपये. ते मिळवले की बॅटरीचा वर्षाचा खर्च झाला ५१९ रुपये. अजूनही स्वस्तच; पण ‘खर्चच नाही’ हे काही खरं नाही. पेट्रोलच्या पंपालाही ऑइल, स्पार्क प्लग, कार्ब्युरेटरची साफसफाई हे आलंच. इथले दर मी धरून चाललो आहे. तुम्ही तुमच्या गावातले खरे दर घाला आणि उत्तर काढा.

एक गोष्ट मात्र रुपयांत मोजता येत नाही. १६ लिटर पाणी म्हणजे १६ किलो, आणि पंप सहा किलोचा. २२ किलो ओझं! ते १३ वेळा पाठीवर चढवायचं आणि चिखलातून चालायचं. पेट्रोलचा पंप याहून जड आणि वर इंजिनाची थरथर. ते ओझं कुणाच्या पाठीवर जाणार? बाबांच्या, आईच्या की पन्नाशीच्या पुढच्या काकांच्या? त्यांना दुकानातच भरलेला पंप पाठीवर घेऊन पाहायला सांगा. नाहीतर नाकापेक्षा मोती जड व्हायचा!

उंच झाडं असतील, मोठी बाग असेल, तर मात्र बॅटरीच्या पंपाचा फवारा शेंड्यापर्यंत पोचत नाही. तिथे जास्त दाबाचा पंपच लागतो.

आणि एक गंभीर गोष्ट. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो आजारी पडले. यंत्राचा जोर वाढला की थेंब बारीक होतात, धुक्यासारखे तरंगतात आणि नाका-तोंडात सहज जातात. हाताचा पंप असो, बॅटरीचा असो की पेट्रोलचा. मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. वाऱ्याकडे पाठ हवी. आणि मुलांनो, फवारणी चालू असताना तुम्ही शेतात थांबायचं नाही. औषध कालवायला, पंप धुवायला मदत करायची नाही. मदत करायचीच असेल तर घरात ताजं पाणी आणि साबण तयार ठेवा.

गवत, गोंगाट आणि गोटे

आता मैदानाकडे वळू. समजा शाळेचं मैदान अर्ध्या एकराचं, म्हणजे २० गुंठे. एका तासात ८ गुंठे गवत कापून होतं असं धरलं तर अडीच तास, म्हणजे १५० मिनिटं लागतील. बॅटरीचं चांगलं यंत्र असेल, ४० व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांचं, तर:

४० × ५ = २०० वॉट-तास.
२०० ÷ ५०० = ०.४ तास, म्हणजे २४ मिनिटं.

१५० मिनिटांच्या कामाला सहाहून जास्त वेळा बॅटरी भरावी लागेल! अशा ठिकाणी पेट्रोलचं यंत्र सोयीचं. पण घरापुढचं तीन गुंठ्यांचं अंगण असेल तर? एका बॅटरीत काम फत्ते! त्या तीन गुंठ्यांसाठी पेट्रोल, ऑइल, दोर ओढणं आणि धूर कशाला हवा?

पेट्रोलचं यंत्र घेतलं तर कानांचा हिशेबही मांडा. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला फार तर आठ तास काम करावं, असं तज्ज्ञ सांगतात. त्यानंतर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पाव तास! पेट्रोलच्या अनेक यंत्रांचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी शंभरच्या आसपास जातो. म्हणजे अडीच तास उघड्या कानांनी काम करणं किती घातक, ते तुम्हीच ठरवा. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. कानावर लावायचे मफ काही फार महाग नसतात.

धुराचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या हवा मंडळाने एक हिशेब केला. पाला उडवायचं पेट्रोलचं यंत्र तासभर चाललं, तर धुरके तयार करणारं प्रदूषण किती? २०१७ च्या मोटारीने सुमारे १,७७० किलोमीटर प्रवास केल्याइतकं! मुंबई-दिल्ली अंतरापेक्षाही जास्त. म्हणून त्या राज्याने २०२१ मध्ये कायदा केला, आणि २०२४ पासून तयार होणारी बागकामाची बहुतेक नवी लहान यंत्रं धुराविना चालणारी असावीत, असं ठरवलं. वॉशिंग्टन शहरात तर पाला उडवायच्या पेट्रोल यंत्रांवर १ जानेवारी २०२२ पासून बंदी आहे.

दोन्ही यंत्रांचा एक धोका मात्र सारखाच. फिरणारं पातं गोटे, तारेचे तुकडे गोळीसारखे उडवतं. चालवणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा आणि पायात बूट घालायचे, बाकीच्यांनी १५ मीटर लांब राहायचं. बॅटरीचं यंत्र आवाज कमी करतं म्हणून ते खेळणं नव्हे! शाळेचं गवत सुट्टीच्या दिवशीच कापावं, असं गुरुजींना जरूर सांगा.

प्लग कुठे आहे?

बॅटरीवाल्यांनी आणखी एक प्रश्न विचारायचा: भरणार कुठे? गावात घर असेल तर रात्री लावून ठेवता येते. पण अकोल्याच्या डोंगरातलं खाचर घरापासून दोन तास लांब असेल तर? मध्येच बॅटरी संपली की पंप म्हणजे पाठीवरचं डबडं! तिथे जादा बॅटरी हवी, नाहीतर दांडा मारूनही चालतो असा दुहेरी पंप. तसे पंपही बाजारात मिळतात. शेतातल्या लाईटची पाळी कधी दिवसा, कधी रात्री, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये राज्यात सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, तेव्हा सुरुवातीच्या प्रयोगासाठी आपल्या पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी निवडलं होतं.

आणि हो, आजोबांचा विळा विसरू नका. गाईपुरतं चार पेंढ्या गवत कापायला ना पेट्रोल लागतं ना प्लग. धार लावली की झालं!

घेतल्यावर काय?

यंत्र घेतलं की त्याची निगा राखायला हवी. हे काही नियम वहीत उतरवून भिंतीवर लावा. पाळायचे मात्र मोठ्यांनी, आणि लक्ष ठेवायचं तुम्ही!

• शिशाची बॅटरी वापरानंतर लगेच भरावी. रिकामी ठेवली की ती लवकर मरते. काम नसलं तरी अधूनमधून भरत राहावी.

• लिथियमची बॅटरी उन्हातून आणल्याबरोबर चार्जिंगला लावू नये, आधी थंड होऊ द्यावी. फुगली असेल तर तिला हातही लावू नये.

• चार्जर यंत्रासोबत आलेलाच वापरावा. चार्जिंग गादीवर किंवा चाऱ्याच्या गंजीजवळ नको.

• टू-स्ट्रोकमध्ये ऑइल मापानेच घालावं. ५० ला १ प्रमाण असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर; २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नये.

• गरम इंजिनात पेट्रोल भरू नये, आणि बंद खोलीत इंजिन चालू करू नये. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाला मारतो.

• हंगाम संपला की टाकी रिकामी करावी. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, म्हणजे आपल्या उसाच्या कारखान्यांतही बनतं तेच. ते हवेतली ओल शोषतं, आणि पुढच्या मृगात इंजिन रुसून बसतं!

• जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये की फोडू नये. शिसं विषारी असतं आणि लहान मुलांच्या मेंदूला फार अपाय करतं. ती दुकानदाराला परत द्यावी.

तुमची पाळी!

आता या रविवारी एक करा. घरी किंवा शेजारी जे यंत्र असेल, त्याच्या पाटीवरचे आकडे बंद असताना पाहून वहीत लिहा. मग मोठ्यांना पाच प्रश्न विचारा: काम किती मोठं आहे? त्याला ताकद किती लागते? प्लग किती लांब आहे? वर्षाला सगळा मिळून खर्च किती? आणि ओझं, आवाज, धूर कुणाच्या वाट्याला येणार?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं आकड्यांत येतील. पाचव्याचं उत्तर एका माणसाचं नाव असेल. ते नाव वहीत मोठ्या अक्षरांत लिहा आणि यंत्र आणायला दुकानात जाताना त्या माणसालाही बरोबर न्या!